फ्रिजच्या सुरावर गाणारी पोरगी

जन्माला आली तेव्हा ही पोरगी सलग चार महिने रडली. दूध पाजलं तरी रडायची, खांद्यावर घेतली तरी रडायची, आणि शेजारीपाजारी चौकशीला आले की त्यांच्याकडे बघून आवाज एक पट्टी वर न्यायची. आईने वैतागून तिला 'किरकिर' म्हणायला सुरुवात केली आणि नाव जे चिकटलं ते चिकटलं. शाळेच्या दाखल्यावर दुसरं, चांगलं, अर्थबिर्थ असलेलं नाव आहे; ते आता फक्त परीक्षेच्या हॉल तिकिटापुरतं उरलंय. 'किरकिर' म्हटल्यावरून तिने घरात किती भांडणं केली असतील त्याला गणती नाही. आणि सतराव्या वर्षी तिनेच एका भिंतीवर कोळशाने हातभर अक्षरांत लिहिलं: आज गाणार, किरकिर.

आईच्या कानावर हे गेलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी म्हणत होते तेव्हा अपमान. परक्यांनी म्हटलं की कला."

ती भिंत होती फरशांच्या दुकानाखालच्या तळघरात. शहरात भूमिगत संगीताची एक चळवळ होती आणि ती खरोखरच जमिनीखाली होती, त्या बाबतीत कुणाची फसवणूक नव्हती. वर काचेच्या दारांचं दुकान: फरशा, बेसिनं, कमोड, नळ. खाली त्याच मालाचं गोदाम. दुकान बुधवारी बंद. त्या दिवशी दुपारी तीनला मालकाचा मुलगा मागचं शटर अर्धं वर करायचा आणि चळवळ कमरेत वाकून आत शिरायची. सहाच्या आत आटपावं लागे, कारण सहाला मालकांची दुपारची झोप संपायची आणि ते उठल्या उठल्या खाली एक फेरी मारायचे. तेव्हा व्यवस्थेविरुद्धचं बंड तीन तासांत उरकून, खोकी होती तशी रचून ठेवून, चळवळ पुन्हा वाकून बाहेर पडायची.

मालकाच्या या मुलाला सगळे फरशीदादा म्हणत. वय एकोणतीस, डोक्यावर बारा महिने लोकरीची टोपी. आठवड्याचे सहा दिवस तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "ही फरशी डाग धरत नाही." सातव्या दिवशी सांगायचा, "डाग हेच खरं संगीत." दोन्ही वेळा चेहरा तोच.

इथे टाळी वाजवायची नाही हा पहिला नियम. टाळी म्हणजे बाजार. गाणं आवडलं तर बसल्या खोक्यातली फरशी बोटाच्या पेराने टकटक वाजवायची. फरशीला तडा गेलाय का हे बघायला फरशीदादा दिवसभर दुकानात हेच करायचा. बुधवारी तीच टकटक दाद झाली.

चळवळीत माणसं एकतीस. त्यातली बारा गाणारी-वाजवणारी आणि बाकीची त्या बारांनी धरून आणलेली. एक होती चाकवाली. ती सायकलचं चाक उलटं टांगून त्याच्या तारांवर व्हायोलिनचा गज ओढायची. एकदा गजाने एक तार तुटून समोरच्याच्या चष्म्याला लागली, तोही प्रयोग धरला गेला. आणि एक होता जाणकार. जाणकार विमा कचेरीत होता. लोकांचे दावे का मान्य होऊ शकत नाहीत याची पत्रं लिहायचा. बुधवारी अर्धी रजा टाकून यायचा आणि गुरुवारी सकाळी सगळ्यांच्या फोनवर त्याचं टिपण पडायचं. त्या टिपणात आपलं नाव आहे की नाही, यावर निम्म्या चळवळीचा गुरुवार कसा जाणार हे ठरायचं.

किरकिर पहिल्यांदा गायला उभी राहिली ती एका मैत्रिणीचा अ‍ॅम्प्लिफायर मागून आणून. गिटारचे तीन सूर येत होते, त्यातला एक भरवशाचा. तिने माइकला तोंड लावलं आणि ओठांना सणसणीत झिणझिण्या आल्या. ती दचकून हातभर मागे सरली. तेवढ्यात अ‍ॅम्प्लिफायर घरघरायला लागला. साधासुधा नाही, पोटातून. तिने बटण फिरवलं, वायर हलवली, घरघर ढिम्म. तिला पळून जावंसं वाटलं. पण पळून जायचं तर एकतीस माणसांमधून वाकून शटरखालून जावं लागलं असतं, आणि त्यापेक्षा गाणं सोपं होतं. म्हणून ती तशीच लांबून, त्या घरघरीच्याच सुरात गायली, कारण दुसरा सूर सापडतच नव्हता.

टकटक सुरू झाली. थांबेना.

गुरुवारी जाणकाराने लिहिलं: 'किरकिर माइकपासून जे अंतर राखते ते आपल्या काळाचं अंतर आहे. घरघर हे तिचं वाद्य आहे. तिने यंत्राला रडायला शिकवलं.' किरकिरने ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा ती गोंधळली. दुसऱ्यांदा तिला पटलं. तिसऱ्यांदा वाचताना तिला आठवलं सुद्धा, की आपण हे मुद्दाम केलं होतं.

आता प्रश्न होता रियाजाचा. घरी अ‍ॅम्प्लिफायर नाही, घरघर नाही. सगळ्या खोल्या फिरून शेवटी ती स्वयंपाकघरात आली आणि जागच्या जागी थांबली. जुना फ्रिज कोपऱ्यात उभा राहून तंतोतंत तळघराच्या सुरात घरघरत होता. हा योगायोग नव्हे, ही साक्ष आहे, असं तिला वाटलं. त्या दिवसापासून ती फ्रिजला पाठ लावून जमिनीवर बसायची आणि गाणी रचायची.

फ्रिजची एक खोड होती. पुरेसा गार झाला की तो बंद पडायचा. मग किरकिरही ओळ अर्धी सोडून गप्प बसायची, सुराची वाट बघत. फ्रिज चालू झाला की पुढची ओळ. आईने गरम पातेलं आत ठेवलेलं असलं की फ्रिज जास्त वेळ चालायचा आणि त्या दिवशीचं कडवं लांबायचं. तळघरात या गप्प बसण्याचं फार कौतुक झालं. 'तिचं मौन श्वासासारखं आपोआप येतं,' जाणकाराने लिहिलं. ते खरं तर थर्मोस्टॅटसारखं येत होतं.

"सरक जरा, दूध काढायचंय," आई म्हणायची.

"आई, कडवं चाललंय."

"कडवं घेऊन बाजूला हो. दूध नासेल, कडवं काही नासत नाही."

अशा एका सरकण्यातूनच तिचं सगळ्यात चांगलं गाणं आलं. आईने दार उघडलं, आतला दिवा लागला, दार लावलं. किरकिरच्या मनात आलं, दिवा आत विझतो की तसाच राहतो? तिने गाणं केलं:

दार उघडलं की दिवा लागतो
दार लावलं की काय होतं
अर्ध्या लिंबाला विचार
तो आतच असतो

तळघरात काहींना हे गाणं मृत्यूवरचं वाटलं, काहींना लोकशाहीवरचं. लिंबावरचं ते कुणालाच वाटलं नाही.

या सगळ्यात बापाने एकदाही तोंड उघडलं नव्हतं. बाप लिफ्ट मेकॅनिक. कुठल्याही इमारतीत शिरला की आधी लिफ्टच्या दाराला तळवा लावून कान देणार, मग माणसांकडे बघणार. मोटारीच्या आवाजावरून बेअरिंग कधी जाणार हे तो वारासकट सांगायचा. संध्याकाळी घरी आला की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून जेवायचा, समोर फ्रिज आणि फ्रिजला टेकून गाणारी पोरगी. तो मान किंचित कलती करून घास चावत राही. तो ऐकतोय हे उघड होतं. काय ऐकतोय हेही उघड होतं: फ्रिज.

वर्षातून एकदा चळवळ कॅसेट काढायची. होय, कॅसेटच. फोनवर गाणं टाकलं की ते कुणीही ऐकू शकतं, आणि कुणीही ऐकलं की ते भूमिगत राहत नाही. चाळीस प्रती, सहा जणांची गाणी. यंदा पाच ठरली होती. सहाव्या जागेसाठी दोघं उरली: किरकिर, आणि रिकाम्या प्लॅस्टिकच्या टाकीत बसून कण्हणारा एक इसम. निकाल पुढच्या बुधवारी दोघांचं ऐकून.

किरकिरला ती जागा हवी होती. आजवर तिला जे जे हवं झालं ते आईकडे मागायचं असे आणि आई 'बघू' म्हणे. ही पहिली वस्तू अशी की जी मागता येत नव्हती. आठवडाभर तिने अभ्यासाची वही उघडली ती उशी म्हणून. फ्रिजला पाठ लावून एवढा रियाज केला की पाठीवर त्याच्या दाराची पट्टी उमटली.

आणि सोमवारी फरशीदादाच्या दुकानातली मालाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत एक बदामी रंगाचं बेसिन. लिफ्टच्या दाराआड मेकॅनिकच्या फोन नंबराची जुनी चिकटपट्टी होती. फरशीदादाने त्यावर फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, बुधवारी दुकान बंद असतं ना, बुधवारीच येतो.

बुधवारी तीनला किरकिर शटरखालून आत शिरली तर समोर बापाची अवजारांची पिशवी, मुठीला काळी टेप गुंडाळलेली. मागोमाग विजेच्या बोर्डाच्या आडून हात पुसत बाप आला.

"तू इथं काय करतेस?"

"गाते."

"इथं?" बापाने रचलेल्या कमोडांकडे एकवार नजर टाकली. "बरं."

एवढ्यावर संपलं म्हणून तिने सुटकेचा श्वास सोडला. बापाने पिशवी खांद्याला लावली आणि फरशीदादाला म्हणाला, "लिफ्टचं मोठं काही नव्हतं, दाराचा स्विच. बोर्डाचं अर्थिंग पार सुटलेलं होतं, तेही घट्ट करून दिलंय. त्याचं तुम्ही सांगितलं नव्हतं, पण दिसल्यावर राहवत नाही."

"बेस्ट केलंत काका," फरशीदादा म्हणाला. त्याला अर्थिंग म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

किरकिरने अ‍ॅम्प्लिफायर लावला. लाल दिवा लागला. बाकी काही झालं नाही. तिने आवाज वाढवला, शेवटपर्यंत नेला. अ‍ॅम्प्लिफायर गुपचूप, एखाद्या आज्ञाधारक मुलासारखा. तोवर मंडळी जमली होती, जाणकार नेहमीच्या खोक्यावर बसला होता, आणि सगळ्यांच्या ध्यानात हळूहळू आलं की घरघर गेली.

"बिघडला का गं?" चाकवालीने विचारलं.

"बिघडला नाही," बाप म्हणाला. "नीट झाला."

जाणकार उठून पुढे आला. "काका, ती घरघर या मुलीच्या गाण्याचा आत्मा आहे."

"अर्थिंग सुटलं होतं."

"तुमच्या दृष्टीने तसं. आमच्यासाठी ते प्रतीक आहे."

"असेल. पण ओल्या हाताने धरला असतात तर प्रतीकाने तुम्हाला आडवं केलं असतं." मग बाप पोरीकडे वळला. त्याचा आवाज जरा खाली आला. "माइक ओठाला लागल्यावर झिणझिण्या येत होत्या?"

"येत होत्या."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

किरकिर पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "मला वाटलं, कला आहे."

 पिशवीतला टेस्टर काढून बापाने माइकला चारी बाजूंनी लावून बघितला, फुंकर मारली, आणि परत ठेवला.

"काका, एकच स्क्रू असेल ना?" फरशीदादा म्हणाला. "आजच्या दिवस सैल करून द्या. आज निवड आहे हो तिची."

"सव्वीस वर्षं मी बिघाड काढतोय. बिघाड बसवून द्या असं आजपर्यंत कुणी म्हटलं नव्हतं."

"मी म्हणतोय ना."

"म्हणा. मला ते काम येत नाही."

 किरकिरने बापाला बाजूला घेतलं. "बाबा, एक सांगा. आपला फ्रिज आणि हे, दोघांचा सूर एकच कसा?"

"वीज एकच. शहरात जे जे विजेवर घरघरतं ते सगळं ह्याच सुरात. ती ट्यूबलाइट बघ, तीही."

तिने वर बघितलं. ट्यूबलाइट साक्ष देत होती.

टाकीवाला आधी झाला. तो एकोणीस मिनिटं कण्हला आणि टाकीतून बाहेर निघताना अडकला, त्यात आणखी तीन गेली. मग किरकिर. ती सवयीने माइकपासून हातभर लांब उभी राहिली, आणि काही ऐकूच जाईना. एक पाऊल पुढे. आणखी एक. शेवटी ओठ माइकला टेकले. झिणझिण्या नाहीत. गार लोखंड, बस. तिने गिटारचा तो भरवशाचा सूर छेडला आणि गायला लागली.

तळघरात चुळबुळ झाली. आवाज जवळून येत होता आणि शब्द कळत होते. शब्द कळायची तिथे कुणाला सवय नव्हती.

दार उघडलं की दिवा लागतो. दार लावलं की काय होतं.

आणि ती थांबली. इथे फ्रिज बंद पडायचा. आठवडाभर अगदी इथेच. तिचं अंग आपोआप सुराची वाट बघायला लागलं, आणि सूर येणार कुठून? दहा सेकंदं. वीस. पुढची ओळ डोक्यातून धुऊन गेली. जाणकाराने तृप्तीने डोळे मिटले. फरशीदादाने टोपी कानावर ओढली. चाळीस. किरकिरच्या कानशिलावरून घाम ओघळला. कॅसेट गेली, तिच्या मनात आलं. टाकीत बसायचं सुद्धा आपल्याला जमलं नसतं.

"अर्ध्या लिंबाला विचार."

बाप जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभा होता, पिशवी खांद्याला, निघायच्या बेतात. कितवा मजला आला हे सांगावं त्या आवाजात तो बोलला. "ह्याच्यानंतर तेच येतं."

किरकिर त्याच्याकडे बघत राहिली. म्हणजे इतके महिने घास चावत, मान कलती करून हा माणूस फ्रिज ऐकत नव्हता. किंवा फ्रिजही ऐकत असेल. पण लिंबू त्याला पाठ होतं. तिला खुदकन हसू फुटलं, माइकमध्येच, आणि त्या हसण्यातच तिने ओळ उचलली. मग कुठेही न थांबता गाणं शेवटाला नेलं. एरवी अकरा मिनिटं चालणारं गाणं अडीच मिनिटांत संपलं.

 चाकवालीने खोक्यावर टकटक केलं. मग आणखी दोघांनी. मग बऱ्याच जणांनी.

"फरशा तडकल्यात का बघताय?" बापाने चाकवालीला विचारलं.

"नाही काका. आवडलं म्हणून."

"असं होय." बापाने पिशवी खाली ठेवली. जवळच्या खोक्यापाशी गेला, वाकून पेराने तीनदा वाजवलं, मान कलती केली, पुन्हा एकदा वाजवलं. मग फरशीदादाला म्हणाला, "ह्यातली एक तडकलीय."

निघाली खरी.

निवड समिती बेसिनांच्या आड गेली. समिती म्हणजे फरशीदादा आणि जाणकार. दहा मिनिटांनी दोघं बाहेर आले, चेहऱ्यावर फार मोठा त्याग केल्याचा भाव.

"घेतोय तुला," फरशीदादा म्हणाला. "रेकॉर्डिंगला काकांना घेऊन ये. मध्ये ते बोलले ना, ते ठेवायचं. आणि मौन पहिल्यासारखं, मोठं."

किरकिरने मागे बघितलं. बाप लिफ्टचं दार उघडून-मिटून बघत होता. हो म्हटलं की काम झालं होतं.

"नाही," ती म्हणाली. "आज गायले तसंच. अडीच मिनिटं. आणि बाबांना वेळ नसतो."

"मग त्यात प्रयोग तो काय राहिला?" जाणकाराने विचारलं.

तिने जरा विचार केला. "मी माइकजवळ उभी राहिले."

जाणकार घुटमळला. दावा नाकारायची सगळी वाक्यं त्याला तोंडपाठ होती, पण त्यातलं एकही लागू पडेना. "हं," तो म्हणाला. "लिहिता येईल."

खरं कारण पुढच्या आठवड्यात चाकवालीकडून कळलं. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला जेमतेम बारा मिनिटांची टेप उरली होती. एकोणीस मिनिटांचं कण्हणं तिथे मावत नव्हतं. किरकिरला हे ऐकून वाईट वाटायला हवं होतं. ते वाटेपर्यंत तिची एक वेणी घालून झाली, आणि मग ती उठून कॉलेजला गेली.

कॅसेट निघाली. चाळीसातली एक तिने घरी आणली आणि तेव्हा लक्षात आलं की ती वाजवायला घरात काही नाही. शेजारी नाही, नात्यागोत्यात नाही, खुद्द फरशीदादाकडे नाही. चळवळीच्या चाळीसही प्रती चाळीस घरांत न वाजता भूमिगत झाल्या होत्या.

बापाने कुठल्याशा इमारतीच्या अडगळीतून एक जुना टेपरेकॉर्डर पैदा केला. रविवारी दुपारी टेबलावर वर्तमानपत्र पसरून सगळा खोलला, पट्टा बदलला, धूळ झाडली, पुन्हा जोडला. आई हात पुसत येऊन बसली. किरकिर सवयीने फ्रिजला टेकून जमिनीवर. बापाने बटण दाबलं.

आधी घरघर आली. मग तिचा आवाज.

"अहो, ह्यात घरघर आहे," आई म्हणाली.

"माहितीय. मोटार आहे त्याची." बापाच्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता आणि बोटं चुळबुळत होती.

"बाबा, थांबा," किरकिर म्हणाली.

"थांबलोय."

लिंबाच्या ओळीच्या आधी पाठीमागचा फ्रिज पुरेसा गार होऊन बंद पडला. टेपमधली पोरगी थांबली नाही. बाप मान कलती करून शेवटच्या सुरापर्यंत ऐकत बसला. मग त्याने टेपरेकॉर्डर उलटा केला आणि पहिला स्क्रू सैल केला.